बॉलवाल्या साहेबांचा दुभाष्या

पाच मुलखांनी नारळ दिला आणि तरी त्या पाचांपैकी एकाबद्दलही ज्याच्या तोंडून वाईट शब्द निघाला नाही, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या चांद्याच्या कोळशाच्या खाणीवर ते फुटबॉल शिकवायला आले होते. जातीचे इंग्रज. खाणीवर साहेब बरेच होते, म्हणून मजुरांनी यांना वेगळं काढून 'बॉलवाले साहेब' केलं आणि त्यांनाही ते नाव फार आवडलं. त्यांचे किस्से मी गेली कित्येक वर्षं चारचौघांत रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात. मात्र एका ठिकाणी येऊन माझी गाडी थांबते. मी चहाचं काढतो, पावसाचं काढतो, आणि पुढचं तसंच राहून जातं. ते पुढचं आज लिहायचं ठरवलं आहे. त्यात मी काही शोभत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. बाकीचे गोरे साहेब बाडबिस्तरा बांधून मुंबईची बोट गाठत होते आणि हे तेवढे उलट्या दिशेने, एक पत्र्याची ट्रंक आणि एक मोडकी छत्री घेऊन बल्लारशाला उतरले. त्यांचं मूळ गाव उत्तर इंग्लंडात, तेही कोळशाचंच. बाप खाणीत, चुलते खाणीत. हे एकटे पायांच्या जोरावर वर निघाले आणि एका बऱ्यापैकी क्लबात फुलबॅक म्हणून खेळले. ऐन उमेदीची सहा वर्षं लढाईने खाल्ली. परत येऊन बूट बांधले तर उजव्या गुडघ्याने रामराम केला. मग त्यांनी मॅनेजरकीचा धंदा धरला. इंग्लंडात कोणी उभं करीना म्हणून परमुलखात. हॉलंड, ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्त आणि कलकत्ता. प्रत्येक ठिकाणच्या संघाचा एकेक फोटो ट्रंकेत जपून ठेवलेला होता. घरी कोणी गेलं की ते फोटो निघायचे आणि साहेब, आपण पदव्या सांगतो तशा थाटात, कुठून कसं काढलं ते सांगायचे. ग्रीसमध्ये जेवताना बडतर्फीची तार आली; तार वाचून त्यांनी वाढप्याला गोड काय आहे ते विचारलं आणि दोनदा मागून घेतलं. इजिप्तमध्ये अध्यक्षांच्या मेहुण्याच्या संघाशी सामना होता. "तो हरायचा होता," साहेब म्हणायचे, "पण मला कोणी सांगितलंच नाही. तुझ्यासारखा माणूस नव्हता ना माझ्याजवळ!"

तुझ्यासारखा म्हणजे माझ्यासारखा. मी खाणीच्या हजेरी ऑफिसात बाबू होतो. चांद्याला मॅट्रिक झालेला, इंग्रजी बरं, अक्षर वळणदार. म्हणून मला क्लबाचा सेक्रेटरी आणि साहेबांचा दुभाष्या नेमलं. फुटबॉलमधलं मला तेव्हा एवढंच कळत होतं की चेंडू गोल असतो. साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हे बघ, परक्या देशात मॅनेजर दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो. माझं तोंड आता तू." मला तेव्हा फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं.

आता या तोंडाची गंमत ऐका. साहेब सकाळी पाचला मैदानावर यायचे. डोक्यावर हॅट, हॅटवर छत्री, आणि बाजूच्या रेघा स्वतःच्या हाताने चुन्याने मारलेल्या. दुसऱ्या कोणी मारलेली रेघ त्यांना वाकडीच दिसायची. तिथे उभे राहून ते ओरडायला लागले की रेल्वेच्या सायडिंगवरचे हमाल काम सोडून ऐकत. आईबापांचा उद्धार, गाढवाची उपमा, देवाला आवाहन, सगळं त्यात असे. आणि समोर कोण? दिवसभर भुयारात कोळसा फोडून आलेले थोराड बाप्ये, कोणी तीन लेकरांचा बाप, कोणी गावचा पाटील. अशा माणसाला चारचौघांत गाढव कसं म्हणायचं? आमच्या मुलखात ज्याला भाऊ म्हणून हाक मारली त्याला मग गाढव म्हणता येत नाही. तर साहेबांची दहा मिनिटं संपली की मी घसा साफ करून म्हणायचो, "साहेब म्हणून राह्यले का भाऊ, जरा लवकर पळून पाहा." खेळाडू खूश. साहेबही खूश. ते मला कौतुकाने म्हणायचे, "तुमची भाषा फार गुणी आहे. किती थोडक्यात मावतं सगळं!" मी त्यांची भाषणं अशी गाळून गाळून चार वर्षं पाजली, आणि कोणाचं वाईट झालं नाही म्हणून मला माझ्या हुशारीचा गर्वच होता.

साहेबांच्या खुळांना अंत नव्हता. डावपेच शिकवायला ते खेळाडूंना क्वार्टरच्या ओसरीवर बसवत आणि खाली मोहाची फुलं मांडत. अकरा आपली, अकरा शत्रूची. एकदा डाव ऐन रंगात असताना शेजाऱ्यांची बकरी आली आणि शत्रूचे पाचही फॉरवर्ड खाऊन गेली. "बचावाचं उत्तम उदाहरण," साहेब म्हणाले आणि बकरीला हाकलू दिलं नाही. सगळ्यांना त्यांनी कानपुरी बूट मागवून दिले. आमचे लोक लेसांना लेसा बांधून बूट गळ्यात अडकवून मैदानावर येत, नीट एका ओळीत मांडून ठेवत आणि अनवाणी खेळत. नवी वस्तू मातीत घालायची कशी? फोटोच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या पायांत बूट, आणि सोमा नावाच्या आमच्या हाफबॅकने तर लग्नाचे फेरे त्याच बुटांत घेतले. साहेब त्या लग्नाला गेले होते. पंगतीत मांडी घालायला बसले आणि गुडघा अडकला, तेव्हा दोघांनी धरून उठवलं. मराठीतला एकच शब्द त्यांनी पक्का केला होता, 'काऊन', म्हणजे आमच्याकडचं 'का'. गोल चुकला की "काऊन, भाऊ, काऊन?", भाजी खारट झाली की "काऊन?", आणि पोस्टात पत्र नसलं की पोस्टमनकडे बघून नुसतं, हळूच, "काऊन?"

घरचं कोणी होतं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा मात्र क्वार्टरच्या मागे सीताफळाचं रोप लावताना मी त्यांना पाहिलं. मी म्हणालो, साहेब, याला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतील. माती थोपटत ते म्हणाले, "माहीत आहे. पाच गावं मला काढलं म्हणून सोडली. एक गाव तरी असं हवं की तिथून मला कोणी काढू नये. मीच एक दिवस म्हातारा होऊन, कंटाळून निघावं." बोलणं हसतच होतं, पण नंतर बराच वेळ ते हात धूत राहिले.

आता कारूभाऊंबद्दल सांगायला हवं. कारूभाऊ धानोऱ्याकडच्या जंगलातले गोंड, खाणीत एका टोळीचे मुकादम, आणि आमच्या संघाचे सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा माणूस. वय चाळिशीला टेकलेलं, अंगाने आडवे, बोलणं मोजकं. समोरून चेंडू येवो की बैल, बाजूला सरकायचं त्यांना माहीत नव्हतं. बुटांत फेरे घेणारा तो सोमा यांचाच जावई, तोही घरजावई. सासऱ्याच्या घरी राहायचा, सासऱ्याच्या टोळीत राबायचा आणि मैदानावर सासऱ्याच्या उजव्या हाताला खेळायचा. साहेबांचा कारूभाऊंवर भारी जीव. रविवारी दोघे कारूभाऊंच्या अंगणात बाजेवर बसायचे. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची, तासभर बसून, तंबाखू खाऊन साहेब परत यायचे आणि मला म्हणायचे, "आज फार छान गप्पा झाल्या."

चौथ्या वर्षी खाणीचे मोठे साहेब, आपलेच देशी, बदलून आले. त्यांना खेळाचं वावडं. त्यांनी बॉलवाल्या साहेबांना बोलावून सांगितलं की यंदा खाणी-खाणींच्या सामन्यांतली ढाल आली तर राहा, नाही आली तर तुमचं काम संपलं. साहेबांनी ही गोष्ट खेळाडूंना सांगायची नाही अशी मला ताकीद दिली. "माझ्यासाठी कोणी खेळू नये," म्हणाले. ती ताकीद मी इमानाने पाळली. नको ते पाळलं आणि पाळायला हवं होतं तिथे बुडवलं, असं माझं झालं.

आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. सामना चांद्याला, समोर वर्धा नदीपलीकडच्या खाणीचा संघ, आणि त्यांच्याकडे एक लुकडा, वाऱ्यासारखा पळणारा फॉरवर्ड. पूर्वार्धात तो कारूभाऊंना तीनदा चकवून गेला. एक गोल झाला, दोन आमच्या गोलीने कसेबसे वाचवले. आम्हीही एक फेडला होता, म्हणून बरोबरी होती. त्या काळी बदली खेळाडू नसत, उतरलेले अकरा ते अकराच. हाफटाइमला सगळे चिंचेखाली बसले. साहेब त्या दिवशी ओरडले नाहीत. मला जवळ घेऊन शांतपणे म्हणाले, "म्हाताऱ्याचे पाय संपले. त्याला सांग, उजव्या कडेला जा. सोमाला मधे आण. हे एवढंच सांग, पण नीट सांग."

मी चिंचेखाली गेलो. कारूभाऊ पाय पसरून बसले होते आणि सोमा त्यांना लोट्यातून पाणी ओतून देत होता. बायका, नातवंडं, सोयरे, सगळा गोतावळा धानोऱ्याहून बैलगाड्या जुंपून आला होता आणि दोरीपलीकडे उभा राहून ऐकत होता. कारूभाऊंनी मला विचारलं, "काय म्हणून राह्यले जी साहेब?" सासऱ्याला, सगळ्या गोताच्या देखत, घरजावयासाठी जागा सोड म्हणून कसं सांगायचं? माझ्या तोंडून ते निघेना. मला वाटलं, हा अपमान माणसाला जन्मभर पुरेल. आणि अर्ध्या सामन्यात काय एवढं बिघडणार आहे, हेही वाटलं. चार वर्षांची सवय जिभेला होतीच. मी म्हणालो, "साहेब म्हणून राह्यले का भाऊ, बराबर आहे तुमचं, तसेच खेळा. अन् सोमा, तू जरा भाऊच्या मदतीले राह्य." कारूभाऊंनी मान डोलावली आणि लोटा खाली ठेवून उठले.

उत्तरार्धाला पाच मिनिटं झाली नाहीत तोच तो लुकडा पुन्हा कारूभाऊंच्या बाजूने निसटला आणि दुसरा गोल झाला. साहेब माझ्याकडे वळले. "तू सांगितलंस ना त्याला?" तोंडातलं खरं मी तेव्हाही बाहेर काढू शकलो असतो, धावत जाऊन जागा बदलता आल्या असत्या. पण साहेबांच्या डोळ्यांना डोळा देऊन 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "सांगितलं साहेब. ऐकत नाहीत." साहेबांनी कारूभाऊंकडे बघितलं आणि छत्री मिटवली. आम्ही तीन-एकने हरलो.

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांच्या ऑफिसात चौकशी बसली. सेक्रेटरी म्हणून मी कागद-दौत घेऊन कोपऱ्यात होतो. मोठ्या साहेबांनी विचारलं की थकलेला म्हातारा मधे ठेवला कोणी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही दुभाष्या. त्याला हलवायचा साहेबांचा निरोप होता म्हणे. तो पोचवला होता ना?" मी म्हणालो, "हो." "म्हणजे त्या मुकादमाने हुकूम मोडला. जो मैदानावर ऐकत नाही तो खाणीत काय ऐकेल? त्याची मुकादमी..." एवढ्यात बॉलवाले साहेब मधेच बोलले. म्हणाले, "बाबूची गडबड होते आहे. असा निरोपच नव्हता. म्हाताऱ्याला मधे मी ठेवला. निर्णय माझा होता." आणि माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली, की तूही हेच धरून ठेव. आपलं न ऐकणाऱ्या माणसाची भाकरी वाचावी म्हणून ते आपली सोडत होते, आणि तो माणूस तर त्यांचं न ऐकणारा नव्हताच. मी काय केलं? त्यांचं ते वाक्य माझ्या वळणदार अक्षरात लिहून घेतलं आणि खाली सही केली. त्या सहीची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात.

आठ दिवसांनी साहेब निघाले. बल्लारशाच्या फलाटावर अख्खा संघ आला होता, गळ्यात बूट अडकवून. मला एका बाजूला घेऊन साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याला काही बोलू नकोस. त्याच्या जागी मी असतो तर मीही हललो नसतो. अकरांतून बाहेर व्हायला माणसाला फार जड जातं." इतक्यात कारूभाऊ पुढे आले. हातात मधाचा शिसा होता. तो साहेबांच्या हातात देऊन मला म्हणाले, "बाबू, साहेबाले सांग. म्हणा, माह्याच्यानं होत नोतं तरी तुमी शेवटलोक मले मधातून नाई हलवलं. एवढा मान आजलोक मले कोनं नाई देल्ला." सगळं खरं त्या एका वाक्यात होतं. ते जसंच्या तसं सांगितलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. इंजिनाने शिटी दिली. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "ते म्हणतात, प्रवास सुखाचा होवो." साहेबांनी कारूभाऊंना मिठी मारली, डब्यात चढले, आणि गाडी मद्रासकडे निघून गेली. पुढे लंकेत कुठल्याशा क्लबावर लागले असं कानावर आलं, नंतर तेही नाही.

ही गोष्ट मी कारूभाऊंना सांगितली तेव्हा मध्ये बारा वर्षं गेली होती. ते खाण सोडून गावी शेती बघत होते. रोवणीचे दिवस होते. भाताच्या बांधीत सोमा चिखलणी करत होता आणि हे कडेच्या धुऱ्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, चिंचेखालचं, ऑफिसातलं, फलाटावरचं. मला वाटलं होतं, आता काठी घेऊन उठतील. ते म्हणाले, "सांगतलं असतं त सरकलो असतो ना जी. माहाच जवाई. आता नाई का देल्लं त्याले सारं? त्यात कायची लाज?" मग एकदम माझ्याकडे वळले. "म्हंजे साहेबाले वाटलं का मी त्याहिचं ऐकलं नाई? हेच मनात घेऊन गेले का थे?" मी खाली मान घातली. ते उठले, घरातून कागद आणवला. "लिही. माह्यासमोर लिही. अन् मी बोलतो तेवढंच लिही." मी लिहिलं. साहेबांच्या इंग्लंडातल्या जुन्या क्लबाचा पत्ता तेवढा मला माहीत होता, त्यावर पाठवलं.

उत्तर आलं नाही. त्यानंतर जेव्हा केव्हा भेट झाली तेव्हा कारूभाऊ आधी तेच विचारायचे, "आलं का जी साहेबाचं?" आणि मी नाही म्हटलं की स्वतःच समजूत घालायचे, "दूर आहे ना मुलूख." शेवटी ते आजारी पडल्याचं कळलं म्हणून मी गेलो. बाजेवर अंगाची मुटकुळी करून पडले होते, सोमा पाय दाबत होता. मला ओळखलं आणि तोच प्रश्न विचारला. त्या क्षणी माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. आलं भाऊ, साहेब म्हणून राह्यले का, आमच्या मनात तुमच्याबद्दल काहीच नव्हतं. छान वाक्य होतं. त्यांना सुखाने झोप लागली असती, आणि खरं सांगतो, साहेब असते तर ते बोललेही तेच असते. पण ते साहेबांनी बोललेलं नव्हतं.

"नाई आलं, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि सोमाला पुरे अशी खूण करून भिंतीकडे कूस वळवली.